चुकांची वही

"विसरत नाही हं मी," असं म्हणून बाई पेनाला खट्कन टोपण लावायच्या. आवाज कधी चढत नसे, तरी शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना वचकून असत. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल. भांडत नाही, फक्त लक्षात ठेवतं.

डहाणूला जमीनमोजणीच्या कचेरीत आमची टेबलं दहा वर्षं शेजारी होती. बाईंचं माहेर सायवनचं, घरची भाताची आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, शेती. सासर समुद्राकाठचं, चिकूच्या वाडीचं. बाई नवऱ्यासोबत डहाणूत राहायच्या; वाडीतल्या घरी सासरे आणि थोरली जाऊ. ही जाऊ बाईंना लग्नापासून 'नागलीवाली' म्हणायची. पाहुण्यांसमोर, मुलांसमोरसुद्धा. 

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला बाईंनी आयुष्यातला पहिला केक केला. नवा ओव्हन घेतला, मोबाइलवर व्हिडिओ बघितला, वाडीतलेच चिकू घातले. सासरे अंडं खात नाहीत म्हणून दही वापरलं. केक मधोमध बसला. आतून चिकट राहिला आणि चव अशी तुरट की जीभ धरली. जावेने पाहुण्यांदेखत ताट उचललं, गोठ्यात गाईपुढे ठेवलं आणि परत येऊन सांगितलं, "तिनेही हुंगून सोडला." सगळे हसले. बाईंचा नवराही हसला.

सोमवारी बाईंनी मला हे सांगितलं ते अर्जदाराची तक्रार वाचून दाखवावी तसं. मग कोरी वही काढून पहिल्या पानावर त्या केकची कृती लिहिली, जशी केली होती तशीच. खाली लिहिलं, 'चुका', आणि पुढे जागा सोडली. सासऱ्यांच्या पुढच्या वाढदिवसाला हाच केक जावेला खायला घालणार, एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून दर रविवारी केक आणि दर सोमवारी माझ्या डब्यात एक तुकडा. एक साबणासारखा लागला, सोडा जास्त झाला होता. एक बसला, कारण दहाव्याच मिनिटाला ओव्हन उघडून बघितला होता. एक गरम असतानाच उपडा केला आणि निम्मा भांड्याला चिकटून राहिला. तुरटपणा अर्धकच्च्या चिकूंचा होता. लोकांच्या जमिनी इंचाइंचाने तपासणाऱ्या बाई घरी पीठ मात्र अंदाजाने घालायच्या. हे मी दाखवून दिलं तेव्हा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वजनकाटा आणला.

चिकटपणा मात्र जाईना. चिकूचा गर कढईत आटवून घ्यायला लागल्या, तरी थोडा राहायचाच. शेवटी मैद्यात नागलीचं पीठ मिसळून पाहिलं. त्या सोमवारी मी डब्यातले कणसुद्धा बोटाने टिपून खाल्ले. बाई हसल्या, पण ते हसू मला बरं वाटलं नाही.

वाढदिवसाला जावेने दुसरा तुकडा मागून घेतला. तिचा शेवटचा घास गिळून होईपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "नागलीचा आहे, वहिनी."  सासऱ्यांनी आणखी एका तुकड्यासाठी बशी पुढे केली.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण महिन्याभराने जावेच्या मुलीच्या सासरची माणसं उंबरगावहून यायची होती, आणि जावेने मान खाली घालून कृती मागितली. बाईंनी वहीचं पहिलं पान सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं. खालच्या चुका वगळून. त्यात नागली नव्हती, पण तो शब्द काढून विचारायची जावेला सोय नव्हती.

मी म्हटलं, "बाई, हे बरोबर नाही."

"माझा केक गाईपुढे ठेवला, तेव्हा असं कोणी म्हणालं नाही."

पाहुणे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ कचेरीत आली. हातात केकचा डबा, डोळे सुजलेले. भांडण होणार म्हणून आम्ही सगळे कागदांत डोकं घालून बसलो. ती भांडली नाही. आपलं काय चुकलं, एवढंच तिने विचारलं.

"कोणी हसलं?" बाईंनी विचारलं.

"विहीणबाई. आणि पोरगी रडली."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग डब्यातला तुकडा मोडून तोंडात टाकला. "चिकू कच्चे होते. हे सुधारून करा. पुढची चूक पुढच्या सोमवारी."

दया आली होती, पण सूड सोडवत नव्हता. आपण जेवढे केक बिघडवले, तेवढे जावेनेही बिघडवावेत, असा त्यांचा हिशेब असावा. जाऊ दर सोमवारी रिक्षाने यायची, उभ्याउभ्या एक चूक ऐकून जायची. तिसऱ्या सोमवारी बाईंनी तिला खुर्ची दिली. पाचव्या सोमवारी चहा सांगितला. नागलीच्या पिठाचं प्रमाण मात्र सर्वांत शेवटी सांगितलं.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नाशिकला जायला निघाल्या. निरोपाच्या दिवशी जाऊ डब्यात केक घेऊन आली, छान फुगलेला. बाईंनी सगळ्यांदेखत एक घास खाल्ला. जाऊ पदराला हात पुसत उभी होती.

"कडा जरा कोरड्या आहेत," बाई म्हणाल्या.

आम्ही बशा मांडून ठेवल्या होत्या, पण बाईंनी डबा बंद करून जवळ घेतला; कोणालाच तुकडा मिळाला नाही. मी एसटीपर्यंत पोचवायला गेले. कंडक्टर डबा वर ठेवायला मागत होता. बाईंनी दिला नाही. गाडी स्टँडबाहेर वळली तेव्हा खिडकीतून दिसलं, डबा मांडीवर उघडा होता आणि बाई खात होत्या.