झोपलेल्या माणसाचा फ्लेक्स

माझे धाकटे दीर एकवीस वर्षं गोदामाच्या फाटकावर पहारेकरी होते. कामावर त्यांचा डोळा लागलेला मी एकदाही पाहिला नाही. मी तिथंच पॅकिंगला आहे, म्हणून छातीठोकपणे सांगते.

मग पहारा देणारे रोबो बनवणारी एक स्टार्टअप कंपनी आली. तिचा साहेब तिशीचा, बोलायला अगदी गोड. रोबोला शिकवायचं काम त्यानं भावोजींना दिलं. फाटकातून कुणी आलं की हातातल्या यंत्रावर हिरवं किंवा लाल बटण दाबायचं. लाल म्हणजे अडव. एकदा दिलेलं लाल पुसायला भावोजींचाच अंगठा लागे. शिकणं चालू असेपर्यंत रोबो मुका होता, त्यामुळे तो काय शिकतोय हे कुणी बघत नव्हतं.

एके दुपारी साहेबानं त्यांना खुर्चीत झोपेचं सोंग घ्यायला सांगितलं. म्हणे, झोपलेला माणूस रोबोला ओळखता यायला हवा. भावोजींनी भाबडेपणानं मान टाकली, साहेबानं फोटो काढला. आठवड्यात तोच फोटो फ्लेक्स होऊन फाटकावर लागला. खाली लिहिलं होतं, ‘हा झोपतो. आमचा झोपत नाही.’

फोटो मोबाइलवरून सगळीकडे फिरला. पुतणीला वर्गातल्या मुली घोरून दाखवायला लागल्या, तिनं शाळाच सोडली. फ्लेक्स काढा म्हणून भावोजींनी तीनदा सांगून पाहिलं. साहेब हसला. जाहिरात आहे, मनावर घेऊ नका, आणि गोदाममालकांपुढं रोबोचं प्रात्यक्षिक झालं की तुम्हाला सुट्टीच आहे, म्हणाला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मेल्याच्या हसण्याचा आवाज अजून कानात आहे. भावोजी जेवताना एवढंच बोलले, "वहिनी, शिकवायचे पंधरा दिवस उरलेत अजून."

त्या पंधरा दिवसांत साहेब जितक्यांदा फाटकातून आला, तितक्यांदा त्यांनी लाल दाबलं.

प्रात्यक्षिकाला वीस गोदामांचे मालक आले, पत्रकार आले. रोबोचा आवाज चालू झाला. साहेब रुबाबात आत शिरायला गेला आणि रोबो त्याला आडवा आला. भोंगा कोकलायला लागला. साहेब डावीकडे सरकला की रोबोही डावीकडे. सगळ्यांदेखत तो बंद करायचा म्हणजे स्वतःच्या हातानं नाक कापून घ्यायचं. आम्ही पॅकिंगच्या बायका काम टाकून बघत होतो. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"काका, अंगठा लावा ना," साहेब म्हणाला.

भावोजी खुर्चीत बसले, मान टाकली, डोळे मिटले. "मी झोपतो ना, साहेब. फ्लेक्स उतरला की डोळे उघडीन."

शिडी आली. फ्लेक्स उतरेपर्यंत निम्मे मालक गाडीत बसले होते. भावोजींनी डोळे उघडले, घड्याळ बघितलं, डबा उचलला.

"पाळी संपली माझी," म्हणाले, आणि फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून निघाले. मागं भोंगा चालूच होता.

घरी त्यांनी ती गुंडाळी लेकीपुढं टाकली. "घे. उद्यापासून शाळेत जायचं."