मागे थांबलेले नाना

नाना फार घाबरायचे. घाट आला की घाबरायचे, नदी आली की घाबरायचे, गाडीच्या मागच्या चाकातून जरा वेगळा आवाज आला की ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून "जरा बाजूला घ्या" म्हणायचे. वाटेतल्या हॉटेलात आधी स्वतः आत जाऊन पातेल्यांवरची झाकणं उघडून वास घ्यायचे, मगच आम्हाला खाली उतरू द्यायचे. आणि हाच माणूस भिवंडीत वर्षानुवर्षं सहली काढत होता. एरवी सुताच्या एका पेढीवर कारकुनी, आणि दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याची बस. त्यांच्याइतका भित्रा सहलवाला मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्या गाडीत जागा मिळवण्यासाठी लोक जेवढे मागे लागायचे तेवढे दुसऱ्या कुणाच्या मागे लागलेलेही पाहिले नाहीत.

माझे वडील लवकर गेले. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सुट्टीत कुठे जायचं तर नानांबरोबरच, असं आमचं ठरलेलं. एकदा मी शिष्टपणे विचारलं होतं, "नाना, इतकी भीती वाटते तर सहली काढता कशाला?" ते जराही रागावले नाहीत. म्हणाले, "विद्या, ज्याला भीती वाटत नाही त्याच्या गाडीत कधी बसू नकोस. तो तुला दरीत घालेल आणि वर म्हणेल, काय झालं एवढं."

त्यांची सगळ्यात मोठी भीती एकच, कुणीतरी मागे राहील. देवळातून, धर्मशाळेतून, चहाच्या टपरीवरून ते सगळ्यांच्या शेवटी निघायचे. आम्ही बसमध्ये बसून कंटाळायचो आणि हे आपले रिकाम्या खोल्यांमधून फिरून, पलंगाखाली डोकावून येत असायचे. कुणाची चुकामूक झालीच तर त्याला शोधायला दुसऱ्याला जाऊ द्यायचे नाहीत. "एक हरवलं की दुसऱ्याला पाठवायचं नाही. मग दोन हरवतात. आपण जागेवर उभं राहायचं." एकदा एका नदीच्या घाटावर आमच्यातले एक आजोबा गर्दीत दिसेनासे झाले. त्यांचा मुलगा रडकुंडीला आला होता, तरी नानांनी त्याला सोडलं नाही. ओल्या पायरीवर उन्हात उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. आजोबा सापडले, म्हणजे आपले आपण चालत आले, तेव्हा नाना तिथेच खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

दंगलीच्या वर्षी आम्ही वाडा गावाकडून परत येत होतो. अंबाडीच्या नाक्यावर चहाला थांबलो, तर दुकानं पटापट बंद होत होती. एक शेतकरी गाडीजवळ येऊन म्हणाला, "पुढं जाऊ नका. भिवंडीत कर्फू हाय. लई वाईट झालंय." गाडीत एकच कल्लोळ झाला. प्रत्येकाचं कुणी ना कुणी घरी होतं. पुरुषमाणसं म्हणाली, काय होईल ते होईल, आपल्या घरी चला. नाना बसच्या दारात आडवे उभे राहिले. त्यांचे पाय लटपटत होते ते मला माझ्या सीटवरून दिसत होते. "मी नेणार नाही," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. एकाने त्यांना भेकड म्हटलं. ते म्हणाले, "हो, आहे."

रस्ता उघडेपर्यंत त्याच शेतकऱ्याच्या खळ्यावर आणि शेजारच्या शाळेत आम्ही राहिलो. नंतर आईने मला सांगितलं की काकू, म्हणजे नानांची बायको, तेव्हा भिवंडीत एकट्या होत्या, आणि ते शाळेच्या मागे जाऊन रडत होते. काकू सुखरूप निघाल्या. आम्ही ज्या रस्त्याने आत जाणार होतो तिथे काय झालं होतं ते कळल्यावर त्यांना भेकड म्हणणारा माणूस त्यांच्या घरी येऊन गप्प बसून गेला.

पुढे काकू गेल्या. नव्वदीनंतर भिवंडीही बदलली. वळ गावाकडच्या जमिनींवर गोदामं उभी राहिली, लोकांच्या हातात पैसा खेळू लागला, आणि त्यांना अष्टविनायकापेक्षा लांब जावंसं वाटू लागलं. नानांकडे सगळे सिंगापूरचं मागणं घेऊन येऊ लागले. सिंगापूर आणि तिथून चार दिवस मोठ्या बोटीवर. नानांनी दोन वर्षं टाळलं. शेवटी मुंबईच्या एका कंपनीच्या मदतीने त्यांनी ती सहल काढली. तोवर माझं लग्न होऊन मुलगी सात वर्षांची झाली होती. आम्ही तिघं आणि आई, चौघंही गेलो.

बोट म्हणजे एक तरंगतं शहरच होतं. नाना तिच्यावर चढले ते कठड्याला न शिवता, भिंतीच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी ती पुलाने मलेशियाला जोडलेल्या पेनांग नावाच्या बेटाला लागणार होती, आणि आदल्या संध्याकाळी आमच्यात वाद पेटला. बेट बघायला बोटीचीच बस होती, पण ती महाग, आणि फुलपाखरांची बाग, कापडाचा कारखाना, दुकानं एवढंच दाखवणारी. धक्क्यावर खाजगी गाड्या मिळतात, त्या स्वस्तात पाहिजे तिथे नेतात, असं कुणीतरी सांगितलं. तिथल्या टेकडीवर मुरुगन या दाक्षिणात्य देवाचं मोठं देऊळ आहे हेही कळलं.

नानांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, "खाजगी गाडी वाईट नसते. मी आयुष्यभर तीच चालवली. पण इथे एक गोष्ट नीट ऐका. बोटीच्या बसला उशीर झाला तर बोट थांबते. आपल्या गाडीला उशीर झाला तर बोट थांबत नाही. ती निघून जाते."

"उशीर कशाला व्हतोय," वळचे पाटील म्हणाले. ते आणि पाटलीणबाई पहिल्यांदाच परदेशात आले होते. "फुलपाखरां आमच्याकडं बी हायेत. आमाला देवलात जायाचंय."

आईसुद्धा म्हणाली, "समुद्र ओलांडून आले आणि कापडाचे कारखाने बघू? ते भिवंडीत खिडकीतून दिसतात."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. ज्यांच्यासाठी बोट थांबणार नाही, त्यांच्याबरोबर मी." माझ्या मुलीला, मनूला, फुलपाखरंच बघायची होती, म्हणून आम्ही तिघं बोटीच्या बसमध्ये बसलो. सकाळी धक्क्यावर नाना एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या गाडीची चाकं वाकून वाकून तपासत होते. आई पाटलीणबाईंशेजारी खिडकीत बसली होती. तिने मनूला हात केला.

परतताना आमची बस वाहतुकीत अडकली. मी सारखी घड्याळ बघत होते, पण गाइड निवांत होता. बोट आपल्याला सोडून जाणार नाही, असं तो हसून सांगत होता. खरोखरच बोट थांबली होती. आम्ही वर चढलो आणि मी आईच्या केबिनकडे गेले. दाराला कुलूप होतं.

मी कठड्याशी आले. थोड्या वेळाने खाली ती गाडी आली. पाटील उतरले, पाटलीणबाई उतरल्या, आणखी दोघं उतरले. मग दार बंद झालं.

पाटलीणबाई जिना चढून माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. "आईंचा पाय मुरगळला देवलाच्या पायरीव. लई सुजला. नानांनी दवाखान्यात नेलं त्यांना. आमाला म्हनले, तुमी गाडी घेऊन निघा, बोट चुकवू नका. मी आनतो वहिनींना."

मी आणि हे धावत खालच्या काउंटरवर गेलो. तिथली मुलगी फार सभ्यपणे बोलली. ते बोटीच्या सहलीतून गेले होते का, तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला नाही, आवाज तेवढा मऊ झाला. आम्ही विनवलं. तिने फोन केला, ऐकून घेतलं, आणि बोटीवर चढताना जमा करून घेतलेल्यांपैकी दोन निळे पासपोर्ट आतल्या कपाटातून काढले. एक आईचा, एक नानांचा. ते एका पाकिटात घालून तिने गणवेशातल्या माणसाच्या हाती दिले. हे काय चाललंय, असं ह्यांनी विचारलं. धक्क्यावरच्या एजंटकडे ठेवतोय, मागे राहिलेल्यांना लागतात, असं ती म्हणाली.

ते पाकीट जिन्यावरून खाली जाताना मी पाहिलं. बोटीने ठरवलं होतं. आई अजून कुठल्यातरी रस्त्यावर असेल, येत असेल, पण इथे तिचं मागे राहणं ठरून गेलं होतं.

"मी उतरते," मी म्हणाले. मनू माझ्या ओढणीला धरून रडायला लागली. तेव्हा पाटील पुढे झाले आणि ओशाळं तोंड करून म्हणाले, "नानांनी निरोप दिलाय. विद्येला सांगा, खाली उतरायचं न्हाय. एकाच्या मागं दुसऱ्यानं जायाचं न्हाय."

मी उतरले नाही. आजही मला कळत नाही की ते मनूमुळे, की त्या निरोपामुळे, की पाय उचलेनात म्हणून. भोंगा वाजला तो छातीतून गेला. धक्का आणि बोट यांच्यामध्ये पाण्याची एक फट दिसू लागली आणि रुंदावत गेली. धक्क्यावर एखादी गाडी धावत येईल म्हणून मी बघत होते. एक आलीसुद्धा. तिच्यातून खोकी उतरवली. आईला इंग्रजी जेमतेम वाचता येत होतं. तिच्या पर्समध्ये ब्लडप्रेशरच्या गोळ्या दुपारपुरत्याच होत्या. बेटाचे डोंगर निळे होत गेले, मग नुसती रेघ राहिली. माझ्यामागे कुणीतरी बँड वाजवायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवरून बोलावणं आलं. एजंटचा निरोप होता: दोघं सुखरूप, बसने सिंगापूरला जात आहेत. तेवढंच. मी तो दहा वेळा वाचून घेतला, तरी बोट सिंगापूरला लागेपर्यंत माझा त्यावर विश्वास बसला नाही. सुखरूप हा शब्द कुणीही लिहू शकतं, असं मनात येत राहायचं.

बंदराच्या मोठ्या हॉलमध्ये एका बाकावर ती दोघं बसली होती. आईचा पाय प्लास्टरमध्ये, समोरच्या बॅगेवर ठेवलेला. मी तिला मिठी मारून रडले. ती म्हणाली, "अगं, रडतेस काय? मी नुसती बसून तर होते. जे काय केलं ते नानांनी."

नानांची दाढी वाढली होती आणि शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं. ते मला हळू आवाजात म्हणाले, "दवाखान्यात भोंगा ऐकू आला बघ. पट्टी बांधणं चालूच होतं. मला वाटलं, आता माझं हृदय थांबणार. आयुष्यभर ज्याला भ्यालो तेच झालं. आणि पुढे काय करायचं ते मला माहीतच नव्हतं, कारण त्याच्यापुढचा विचार मी कधी केलाच नव्हता."

"मग?"

"मग तुझी आई म्हणाली, नाना, आधी चहा मिळतोय का बघा."

चहा पाजला तो त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने. पाटील मंडळींना धक्क्यावर सोडून तो आपणहून दवाखान्यात परत आला होता. त्याने दोघांना आपल्या घरी नेलं, त्याच्या बायकोने भात वाढला, आईच्या गोळ्या कुठून तरी मिळवल्या, आणि दुसऱ्या दिवशी पासपोर्ट घेऊन बसमध्ये बसवून दिलं. आई हे सगळं रंगवून सांगायची. नाना मात्र प्रत्येक वेळी तिला मध्येच थांबवून म्हणायचे, "वहिनी, हात बघा माझा. नुसतं ऐकून कापतोय."

त्यानंतर नानांनी लांबच्या सहली बंद केल्या. दोनेक वर्षांनी पेढीवरच त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. शोकसभा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये झाली. बाहेर फलक लावला होता, त्यावर त्यांच्या फोटोखाली 'धाडसी व्यक्तिमत्त्व' असं लिहिलं होतं. बोलणाऱ्यांनीही तेच धरलं. भिवंडीकरांना जग दाखवणारा निर्भय माणूस, असं एकापाठोपाठ एक म्हणत गेले. आई शेवटपर्यंत ऐकत बसली.

घरी येताना आम्ही रिक्षा केली नाही. मुरगळल्यापासून तिचा पाय थोडा ओढायचा, तरी तिला चालायचं होतं. मी तिचा दंड धरला होता. वाटेत ती म्हणाली, "निर्भय कसले गं. त्या दवाखान्यात त्यांचे दात वाजत होते. गाडी दारात उभी होती, जाता आलं असतं त्यांना."

माझ्या हातावर भार टाकून तिने पुढचं पाऊल उचललं.

"घाबरत घाबरत माझ्याजवळ बसून राहिले."