काशीनाथची बावन्न आठवड्यांची होळी

काशीनाथ आयुष्यात कधी टेनिस खेळलेला नाही. रॅकेट म्हणून त्याच्या हातात आजवर फक्त डास मारायची आली आहे. तरीही झाईच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीत, जगातला कितवा खेळाडू कुणाकडून आणि का हरला याचा निकाल काशीनाथच्या ओटीवर लागतो. तो निकाल दुसरं कुणी मानत नाही ही गोष्ट वेगळी. चिकूची बाग आहे, ती पुतण्या जतीन बघतो. काशीनाथ क्रमवारी बघतो.

दर सोमवारी नवी क्रमवारी लागते. त्या दिवशी कुसुमबाई नवऱ्याला पहिला चहा देतच नाहीत, कारण तो गार होणार हे ठरलेलं. काशीनाथचा सगळ्यात लाडका नियम बावन्न आठवड्यांचा. खेळाडूने एखाद्या स्पर्धेत कमावलेले गुण बावन्न आठवडे टिकतात. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत पुन्हा चांगलं खेळलात तर ठीक, नाहीतर ते गुण गळून जातात. तुझा बाप कोण, तू परवा कोण होतास, हे कुणी विचारत नाही. गेल्या वर्षभरात काय केलंस ते सांग आणि रांगेत उभा राहा. एवढा सरळ न्याय जगात दुसरीकडे कुठे नाही असं काशीनाथचं मत होतं आणि ते तो पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी ऐकवत असे.

आणि डोक्यात जाणारा नियम म्हणजे राखीव क्रमवारी. खेळाडूला मोठी दुखापत झाली, महिनोन्‌महिने घरी बसला, तर त्याची जुनी जागा त्याच्यासाठी राखून ठेवतात. "लाड आहेत नुसते!" काशीनाथ म्हणायचा. "देठातून गळलेला चिकू परत फांदीला बांधता काय रे?"

हे "काय रे" असायचं सुदामला. सुदाम सायवनचा. डोंगराकडे त्याची भाताची आणि नागलीची शेती, पण तरुणपणी चिकू काढायला तो काशीनाथच्या बागेत यायचा. एकदा झाडावर असताना खिडकीतून त्याने टीव्हीवरचा सामना पाहिला आणि काशीनाथ आतून जिच्या नावाने ओरडत होता ती खेळाडू हरणार असं फांदीवरूनच सांगितलं. ती हरली. काशीनाथने त्याला खाली उतरवून भांडायला आत घेतलं, ते भांडण आजतागायत संपलेलं नाही. आता सुदाम झाडावर चढत नाही, बागेत त्याचं काही काम नाही. सायवनला त्याच्या घरात टीव्ही नाही आणि फोनला रेंज येते ती टेकडीवर गेलं तर. म्हणून तो दोन गाड्या बदलून सामने बघायला येतो. डोंगराकडच्या रीतीप्रमाणे तो शेटलाही अरेतुरेच करतो. फक्त डिसेंबरात दोघांचे हाल होतात. त्या महिन्यात सगळे बडे खेळाडू सुट्टीवर असतात, जानेवारी उजाडेपर्यंत सामने बंद. काशीनाथ तो महिना सुतक पाळल्यासारखा काढतो.

आता होळीचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला. वाडीची होळी पेटवायचा मान काशीनाथच्या घराकडे. आजोबांनी पेटवली, वडिलांनी पेटवली, मग काशीनाथने. एके वर्षी ओटीवर बावन्न आठवड्यांचं कीर्तन रंगात आलेलं असताना सुदाम शांतपणे म्हणाला, "शेट, तू होळी पेटवतोस ती कोणच्या क्रमवारीनं?"

 काशीनाथ रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी उठून त्याने वाडीची बैठक बोलावली आणि घराण्याचा मान स्वतःच्या हाताने सोडून दिला. यापुढे वर्षभराच्या गुणांत जो पहिला येईल तो होळी पेटवील. होळीला लाकडाचा ओंडका आणला तर सगळ्यात जास्त गुण. कुणाच्या लग्नात पंगत वाढली, मयताला खांदा दिला, तर त्याहून कमी. आजारी माणसाला भेटायला गेलात तर थोडेसे, पण जितक्या वेळा जाल तितक्या वेळा. घरच्यांनी घरच्यांसाठी केलं तर काही नाही. यंदाच्या होळीचे गुण होळी झाल्यावर धरायचे आणि सगळे गुण बावन्न आठवड्यांनी गळायचे. हिशेब जतीनने मोबाइलवर ठेवायचा, ज्याने त्याने आपले गुण आपणच कळवायचे. लोकांनी माना डोलावल्या. शेटला खुळ लागलंय, पण होळी तर पेटेल ना, असा सगळ्यांचा हिशेब होता.

खरं सांगायचं तर काशीनाथने मान सोडला होता तो पहिला येण्याची खात्री असल्यामुळे. आणि तो आलाही, लागोपाठ दोन वर्षं. आंब्याचा एवढा मोठा ओंडका दुसऱ्या कुणाला परवडत नव्हता आणि लग्नाच्या पंगतीत त्याच्याइतका मठ्ठा कुणी वाढत नव्हता. होळीपुढे पलिता घेऊन उभा राहिला की त्याची छाती फुगायची. वडिलांना हा मान जन्माने मिळाला, मी कमावला, असं तो सुदामला दरवर्षी ऐकवायचा.

मग आलं दोन श्रावणांचं वर्ष. त्या ऑक्टोबरात एका सामन्यात चेंडू रेषेवर पडला की बाहेर, यावरून ओटीवर जुंपली. चेंडू कुठे पडला ते सुदामला दाखवायला काशीनाथने झोपाळ्यावरून उडी मारली, टाच बरोबर त्या जागी टेकवली आणि नुकत्याच पुसलेल्या लादीवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. "बाहेर होता," सुदामने शेजारच्यांना उचलायला बोलावलं तेव्हा काशीनाथ म्हणाला. वापीला ऑपरेशन झालं आणि मग आतल्या खोलीत पलंग, उशाशी वॉकर, पुढे काही महिने.

आणि वाडी लोटली. काशीनाथचे डोळे भरून आले. चिमण तर सकाळी एकदा यायचा आणि संध्याकाळी एकदा. चिमण म्हणजे ज्याने होळीला उभ्या जन्मात काडी आणली नाही तो. पलंगाजवळ खुर्ची ओढायचा, "काकांचा चेहरा उतरलाय," म्हणायचा, शहाळं आणलेलं असलं तर अर्धं स्वतः प्यायचा. तुळशी म्हातारी, जानी, शेजारपाजारचे, सगळे. काशीनाथ कुसुमबाईंना म्हणाला, "माणसं जोडली हो मी. हाड मोडल्यावर कळलं."

एका संध्याकाळी चिमण निघाला. अंगणातून त्याचा आवाज खिडकीतून आत आला. फोनवर जतीनशी बोलत होता. "हां जतीन, काकांकडून आत्ता बाहेर पडलो. लाव माझे. आणि सकाळचे लावलेस ना?"

काशीनाथने छताकडे पाहिलं. त्याचा खुबा ही त्या वर्षीची वाडीतली सगळ्यात मोठी स्पर्धा होती आणि तो स्वतः तिचं मैदान होता.

त्या दिवसापासून त्याला काही गोड लागेना. दारात कुणीही दिसलं की त्याच्या मनात एकच प्रश्न यायचा: हा माझ्यासाठी आला, की गुणांसाठी? तुळशी म्हातारीने प्रेमाने डोक्यावरून हात फिरवला तरी तो तिच्या दुसऱ्या हातात फोन आहे का ते बघायचा. विचारायची सोय नव्हती, कारण नियम त्याचाच. एवढ्या वर्षांत या वाडीत एक तरी माणूस आपलं आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळायचा रस्ता त्याने स्वतःच बुजवून ठेवला होता. तो चिडचिडा झाला. कुसुमबाईंवर ओरडला, जतीनवर ओरडला, भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या सुदामवर ओरडला. सुदाम वाडीतला नव्हता, त्याला गुणच नव्हते, आणि तो तर नेहमीच येतो, म्हणून त्याचं येणं काशीनाथने धरलंच नाही.

होळी आली तेव्हा तो वॉकरवर चालू लागला होता. मनात एक आशा होती. मागच्या होळीच्या ओंडक्याचे गुण आपल्याकडे आहेत, त्यावर आपण अजून पहिले असू. निदान पलिता आपल्या हातात येईल आणि लोक आपल्याकडे बघतील तेव्हा त्यांच्या तोंडावरून काहीतरी कळेल.

संध्याकाळी होळीभोवती सगळे जमले. बायकांनी पूजा केली. जतीनने मोबाइल काढला, घसा खाकरला आणि त्याच्या तोंडाचं पाणी पळालं.

"काका, होळीचे गुण कुणाचेच नाहीत."

"म्हणजे?"

"अधिक महिन्यामुळे होळी यंदा लांबली. बावन्न आठवडे होऊन जवळजवळ तीन आठवडे झाले. सगळ्यांचे गळले."

टेनिसचं वर्ष इंग्रजी महिन्यांनी चालतं आणि होळी तिथीने येते, हे इतक्या वर्षांत त्या थोर अभ्यासकाच्या ध्यानात आलं नव्हतं. ओंडके गेले. उरली लग्नं, मयतं आणि आजाऱ्याच्या भेटी. त्या वर्षी वाडीत लग्न एक आणि मयत एकही नाही. आजारी माणूस मात्र चांगला घसघशीत होता.

"पहिला नंबर," जतीन पुटपुटला, "चिमणभाऊ."

चिमणने शर्टाची कॉलर नीट केली. गर्दीत कुजबुज झाली. तेवढ्यात मागून सुदाम पुढे आला. होळीला तो दरवर्षी असायचा, पण बोलायचा कधी नाही.

"थांब जरा," तो म्हणाला. "शेटचं हाड मोडलं. तिकडं ज्याचं हाड मोडतं त्याची जागा राखून ठेवतात. बरा झाला का जुन्या जागेवर येतो. नियमच आहे तो. मग शेटची जागा कुठं गेली?"

"बरोबर!" कुणीतरी म्हणालं. "काकांनाच द्या!" तुळशी म्हातारी ओरडली. जतीनचा चेहरा उजळला. चिमणसुद्धा कॉलर सोडून मागे सरकला. वाडी काशीनाथच्या हातात पलिता द्यायला तयार उभी होती. त्याने फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

पण तो काशीनाथ. इतकी वर्षं सुदामशी वाद घालून घालून त्याची जीभ आता त्याच्या ताब्यात नव्हती. वॉकर खणकन पुढे टाकून तो म्हणाला, "चूक! साफ चूक! राखीव क्रमवारीवर स्पर्धेत आत घेतात फक्त. मानांकन देत नाहीत! पहिल्याने दुसऱ्याशी खेळायचं का दहाव्याशी, ते चालू क्रमवारीवरच ठरतं. मला होळीला उभं राहू दिलंत, झालं! पेटवणं म्हणजे मानांकन!"

  ओटीवरच्या इतक्या वर्षांच्या भांडणात सुदाम पहिल्यांदाच हरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काशीनाथ जिंकला. आणि पलिता चिमणच्या हातात गेला.

चिमणने होळी पेटवली. वाडीने बोंब ठोकली. काशीनाथ बाजूच्या खुर्चीवर बसला आणि त्याला रडावंसं वाटलं. ज्यांनी इतके महिने त्याची चौकशी केली ते सगळे होळीभोवती फिरत होते आणि पुढच्या होळीचे गुण आज लागतील की उद्या, हे जतीनला विचारत होते. त्याच्याकडे कुणी वळून बघितलं नाही. कुसुमबाई प्रसाद वाटण्यात गुंतलेल्या.

सुदाम येऊन त्याच्या पायाशी जमिनीवर बसला. "जिंकलास आज," म्हणाला.

"हं."

"नियम बरोबर सांगितलास. मला म्हाईत नव्हता."

 कुणालाच विचारता आलं नव्हतं ते काशीनाथने विचारलं. "सुदाम, तू कशाला येत होतास रे? तुला तर गुण पण नव्हते."

"मॅच बघाया," सुदाम म्हणाला. "तुला बघाया कोण येईल? तोंड बघितलंस का आरशात?"

काशीनाथला हसू आलं. एवढा स्वच्छ माणूस वर्षभरात भेटला नव्हता. हा निदान टीव्हीसाठी येत होता आणि तसं तोंडावर सांगत होता. दोन गाड्या बदलून, ऐन भात झोडायच्या दिवसांत, थंडीत कानाला मफलर बांधून. तो मफलर काशीनाथला आठवला आणि हसू अर्ध्यात थांबलं.

"सुदाम, डिसेंबरात कुठे मॅच असते?"

सुदामने होळीकडे पाहिलं. एक काटकी उचलली, मोडली, आत टाकली.

"एक होती," तो म्हणाला. "तू आन् तुझा वॉकर. तू हरत होतास."

 

"हरत नव्हतो," काशीनाथ म्हणाला. "टायब्रेकर चालला होता."

"हरत होतास, शेट. मी समोर बसलेलो."

"तुला स्कोअर तरी कळतो का रे?" काशीनाथने वॉकर बाजूला सारला, सुदामचा खांदा घट्ट धरला आणि उठला. होळीला एक फेरा मारायचा राहिला होता. दोघं निघाले, आणि फेरा पूर्ण होईपर्यंत तो टायब्रेकर होता की नव्हता यावर भांडत राहिले.