दूध उतू गेलं आणि शिट्टी वाजली

आटपाट नगर म्हणायची सोय नाही, कारण ही आपली काशीच. दूधविनायकाच्या गल्लीत एक आजी राहत होती. ती मीच. तिचा एक मुलगा श्रीधर, बँकेत कामाला, बोलणं मोजकं. एक सून नंदा, जी हे लिहून घेते आहे, कारण मला अक्षर ओळखता येत नाही. आणि एक नात मुक्ता, बारावीतली, जेवतानाही मांडीवर बास्केटबॉल.

आता काय सांगू तुम्हाला, या आजीनं भर मैदानात जी माती खाल्ली, ती अजून दातांत करकरते आहे!

पण हसू नका इतक्यात. श्रीधरनं मुलीला स्पष्ट सांगितलं होतं, "बारावीचं वर्ष आहे. यंदा फायनल जिंकलात आणि लखनौच्या कॅम्पला तुझं नाव लागलं, तर खेळ. नाहीतर चेंडू माळ्यावर."

 पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मला कळलं. लहानपणी माझे भाऊ दप्तर घेऊन शाळेत जायचे आणि संध्याकाळी पाढे घोकायचे. मी दाराआडून ऐकायची. तीसपर्यंत मला पाठ झाले, अजून आहेत. कुणी कधी म्हणून घेतले नाहीत, एवढंच. म्हटलं, या पोरीचं असं होता कामा नये.

तिची अडचण एकच होती. फ्री थ्रो.

"आजी, समोरच्या टीमनं धक्का दिला ना, तर मला एकटीला टाकायला मिळतं. कुणी आडवं येत नाही."

"मग रडतेस कशाला?"

"पब्लिक गं! मागून असा शोर करतात की हात कापतात."

"आणि समोरच्या पोरी?"

"त्यांना मना आहे. त्यांनी लक्ष उडवलं आणि माझा चेंडू हुकला, तर रेफरी परत टाकायला देतो."

हा नियम मी नीट ऐकला हं! लक्षातही ठेवला. माझ्या स्मरणशक्तीचं गल्लीत नाव आहे. तिचा पुढे काय उपयोग झाला, ते येतंच आहे.

मी म्हटलं, "शोराचीच भीती ना? मग मी करते शोर."

गच्चीच्या भिंतीत एक लोखंडी कडं ठोकून घेतलं. खाली गेरूनं रेघ ओढली. रोज संध्याकाळी मुक्ता रेघेवर उभी राहायची, चेंडू तीनदा आपटायची. धप्, धप्, धप्. आणि तिनं हात उचलला रे उचलला, की मी सुरू.

आधी परात बडवली. मग "वानर आलं, वानर!" म्हणून ओरडून पाहिलं. पण काशीत वानराला कोण भितंय? ते तर खरंच कठड्यावर येऊन बसायचं आणि तिचा नेम बघायचं. मग मी "दूध उतू गेलं!" काढलं. त्यानं मुक्ताचा हात हलायचा, आणि खाली नंदा हातातलं टाकून स्वयंपाकघरात पळायची. (हे लिहिताना ती मान हलवते आहे. हलव, पण लिही.)

आणि शेवटचं अस्त्र, "मुक्ते, तुझं लग्न ठरलं गं!" पहिल्या दिवशी चेंडू शेजारच्या कमलाकाकूंच्या वाळवणात पडला.

दोन महिने असे गेले. पुढे पुढे मी लग्न ठरवलं काय आणि मोडलं काय, पोरीची पापणी लवेना. चेंडू सरळ कड्यात. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम.

पण माझ्या तोंडाचं काय झालं होतं, ते कुठं माहीत होतं?

फायनलला समोर रामनगरची शाळा. आमच्या गल्लीतली अर्धी मराठी घरं पायऱ्यांवर येऊन बसलेली. माझ्या गुडघ्यांना पायऱ्या झेपेनात, म्हणून मुक्ताच्या मॅडमनी मला टीमच्या बाकाशेजारी खुर्ची दिली. केवढा मान! मी पदर सावरून, देवळात बसावं तशी बसले.

खेळ मला काय कळणार? पण शेवटी शेवटी सगळे उभे राहिले, तेव्हा विचारलं. मॅडम म्हणाल्या, "दादी, हम एक से आगे हैं। बस कुछ सेकंड।" तेवढ्यात आमच्या एका पोरीनं रामनगरच्या दोन वेण्यांच्या पोरीला धक्का दिला. शिट्टी! तिला दोन फ्री थ्रो.

ती रेघेवर आली. बिचारीचे ओठ सुकले होते. मला तर तिची दयाच आली, खोटं कशाला सांगू? तिनं चेंडू आपटला. धप्, धप्, धप्. हात उचलला.

आणि मी गरजले, "दूध उतू गेलं!"

खरं सांगते, मी बोलले नाही हो. ते निघालं! दोन महिन्यांची सवय, तीन धप् झाले की तोंड उघडायचं. पोरगी दचकली, चेंडू कड्याला लागून बाहेर गेला. शिट्टी वाजली. रेफरी माझ्यासमोर येऊन उभे. पांढऱ्या मिशा, धिप्पाड माणूस.

"दादी, क्या बोलीं आप?"

"दूध उफन गया, भइया."

त्यांनी चहूकडे पाहिलं. "कहाँ?"

 मी मान खाली घातली.

"देखिए दादी, पीछे सीढ़ी पर बैठतीं तो पब्लिक होतीं. यहाँ बैठी हैं तो टीम की हैं. टीम वाला शूटर का ध्यान नहीं भटका सकता. वो फिर से डालेगी. अब एक बार भी मुँह खोलीं, तो बाहर."

मुक्तानं मला समजावलेला नियम, शब्दाला शब्द! मलाच!

दोन वेण्यांच्या पोरीनं परत टाकला. आत. बरोबरी झाली. दुसऱ्या वेळी मी अर्धा पदर तोंडात कोंबला, डोळे मिटले. तो तिचा तिनंच हुकवला. पण गेलेला गुण गेलाच ना! मुक्ताचं लखनौ माझ्या जिभेवरून घसरून पडलं होतं. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

चेंडू मुक्ताच्या हातात आला. ती पळाली, उडी मारली, आणि रामनगरच्या दोघी तिच्या अंगावर. शिट्टी! आता हिला दोन.

म्हटलं, देव पावला. शोर होऊ दे हवा तेवढा, माझी पोरगी दगड आहे.

पण शोर होतोय कुठं? माझी ती फजिती बघून रामनगरच्या मॅडमनी आपल्या पोरींना दम भरला होता, "कोई साँस भी ज़ोर से नहीं लेगा!" त्यांचं पाहून पब्लिकही गप्प. अख्ख्या मैदानात शुकशुकाट. झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तिचाच काय तो आवाज.

धप्, धप्, धप्. मुक्तानं हात उचलला. चेंडू कड्यापर्यंतही गेला नाही.

कळलं ना काय झालं ते? दोन महिने मी तिला गोंगाटात पक्की केली होती. शांततेत टाकायचं शिकवायचंच राहिलं!

ती वळली. डोळ्यांत पाणी. "आजी, काहीतरी बोल ना गं!"

मी पदर अजून घट्ट धरला. मुंडी हलवून नाही म्हटलं. रेफरींनी चेंडू अजून तिच्या हाती दिला नव्हता. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बोलिए दादी. अपनी वाली के लिए मना नहीं है."

बोला! आयुष्यभर बोलत आले, झोपेतही बोलते म्हणतात, आणि त्या घडीला एक शब्द सुचेना! तीसपर्यंतचे पाढे पाठ असलेली बाई, दोनाचा पाढा आठवेना. सगळं मैदान माझ्या तोंडाकडे बघतंय, आणि तोंडात फक्त पदर.

रेफरींनी चेंडू दिला. धप्. मी पदर काढला. धप्. तोंड उघडलं. धप्. तिनं हात उचलला, आणि आतून आपोआप आलं,

"मुक्ते, तुझं लग्न ठरलं गं!"

चेंडू जाळीतून असा गेला, की कड्यालाही कळलं नाही.

जिंकलो! मुक्ता येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीही रडले. दोन वेण्यांची पोरगी लांब उभी होती. मी तिलाही बोलावून जवळ घेतलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "दादी, सच में दूध रखा था क्या?"

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण पायऱ्यांवर गल्ली बसली होती ना! हिंदीवाल्यांना काही कळलं नाही, मराठी लोकांना मात्र सगळं कळलं. घरी पोचते तो कमलाकाकू दारात उभ्या. "मुलगा कुठला हो? रोज गच्चीवरून ऐकून मी थट्टाच समजत होते, आणि आम्हाला खरं मैदानात कळावं?" श्रीधरला तर बँकेतून येताना पानवाल्यानं मिठी मारली, "बधाई हो भइया, हमसे छिपाए!"

तो आत आला, चपला काढल्या, माझ्यासमोर बसला. "आई, मुक्ताचं लग्न कुणी ठरवलं?"

"मी. फ्री थ्रोच्या वेळी."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आणि चेंडू?"

"आत गेला."

"मग ठीक आहे," म्हणाला, आणि हात धुवायला गेला. पाठ वळल्यावर त्याचे खांदे हलत होते.

आठवड्यानं मॅडमचा फोन आला. मुक्ताचं नाव लखनौच्या यादीत! श्रीधरनं फोन ठेवला, माळ्यावर चेंडूसाठी रिकामी केलेली जागा होती तिथं आपली जुनी ट्रंक परत सरकवली, आणि नंदाला म्हणाला, "आज बासुंदी कर."

नंदानं मोठ्या पातेल्यात दूध चढवलं आणि बाहेर येऊन यादीतलं नाव फोनवर परत परत बघत बसली. सगळेच बघत होते. मी पाणी प्यायला आत गेले, तर दूध काठाला! या गुडघ्यांनी शेगडीशी वेळेत पोचणं होईना, म्हणून जीव खाऊन ओरडले, "दूध उतू गेलं!"

बाहेरून तिघंही हसली. मुक्ता ओरडली, "आजी, आता नाही हलणार हात!" एकजण उठेल तर शपथ.

सगळं दूध गेलं. शेवटी श्रीधर दारात आला, पांढरा ओटा पाहिला, आणि म्हणाला, "जाऊ दे आई. नव्या घरात तर मुद्दाम उतू जाऊ देतात, भरभराट होते म्हणून."

भरभराट झालीच. पोरगी लखनौला गेली, तिथं दोन वेण्यांच्या पोरीशेजारीच तिची खाट आहे.

ओटा मात्र मी पुसला.