बिरादार मॅडमचे तळवे

कुणी काही सांगू लागलं की बिरादार मॅडम दोन्ही तळवे वर करून समोर धरत. नव्या माणसाला वाटे, बाई प्रसाद मागतायत. मग त्या डावा तळवा जरा खाली नेऊन विचारत, "कोण म्हणालं?" उत्तर आलं की उजवा खाली नेऊन, "त्यानं पाहिलं काय?" बहुतेकांची गोष्ट इथंच संपायची. देगलूरच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये खुर्च्या शेजारी होत्या, त्यामुळे पहिल्याच वर्षी माझ्या निम्म्या गप्पा त्या तळव्यांत जिरल्या.

बाई उंच, आवाज त्याहून उंच. सुती साड्या, आणि प्रत्येकीच्या पदराला ॲसिडनं पडलेली बारीक भोकं. लग्न केलं नव्हतं आणि का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. रक्तदाब होता, गोळ्या पर्समध्ये असत आणि बहुधा पर्समध्येच राहत. "गोळीनं तोंड कोरडं पडतं सर, मग शिकवू कशी?" असं म्हणत त्या मिरची भजी मागवायच्या. मी काही बोललो तर म्हणायच्या, "डॉक्टर व्हा आधी, मग बोला. उगं फिजूल काळजी करू नका."

त्या दिवसांत पेपरात एक बातमी गाजत होती. परदेशातल्या एका सरकारनं देश सोडून पळालेल्या आपल्याच विरोधकावर विषप्रयोग केल्याचा आरोप होता आणि ते सरकार कानावर हात ठेवून बसलं होतं. स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडले. इतिहासाचे सर म्हणाले, "फायदा कुणाचा? सरकारचा. मग त्यांनीच केलं." अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "बदनामी कुणाची झाली? सरकारची. मग त्यांच्या शत्रूनं केलं." मॅडमनी हातातलं भजं बशीत ठेवलं.

"फायदा कुणाचा, हे शेवटी विचारायचं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच विचारलं तर गावातला एक माणूस सुटायचा न्हाई. सासू मेली की सून खुनी. स्वैपाकघर तिला मिळालं ना!"

"मग पहिल्यांदा काय विचारायचं?" मी म्हणालो.

"विष कोणतं? ते असतं कुणाकडं? त्या माणसापर्यंत कुठल्या वाटेनं गेलं? आणि तपासू कोण देत न्हाई?"

"जो तपासू देत नाही तोच गुन्हेगार, असंच ना?"

"न्हाई हो. सरकार सवयीनंच झाकतं. काही केलेलं नसलं तरी झाकतं. पण किल्ली त्याच्याकडं हाय तर दार त्यानंच उघडलं पाहिजे. न्हाई उघडलं तर मी त्याला निर्दोष म्हणणार न्हाई, खुनी बी म्हणणार न्हाई. दारात बसून राहीन."

दोन्ही तट त्यांच्यावर नाराज झाले. त्यांना त्याचं काहीही वाटलं नाही. त्यांनी उरलेलं भजं संपवलं.

मॅडमचं मूळ गाव तेलंगणाच्या हद्दीजवळचं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तालुक्याचा कचरा त्या गावच्या गायरानावर टाकायचं सरकारनं ठरवलं आणि गावानं पाण्याच्या टाकीखाली मांडव घालून धरणं धरलं. मॅडमचा धाकटा भाऊ बालाजी त्यात पुढं होता. रोज काही जण उपोषणाला बसत आणि बाकीच्यांचं जेवण मांडवातच होई. त्यासाठी घरटी पायलीभर ज्वारी येई, ती सगळी एका ढिगात ओतत आणि एकदम दळून आणत. गावात सप्त्याला करतात तसंच. कुणाचं धान्य चांगलं, कुणी कमी दिलं, असलं बोलणं निघू नये म्हणून ही रीत.

एका दुपारी जेवणं आटोपली आणि माणसं घामानं निथळू लागली. तोंडाला फेस, हातापायांना झटके. दवाखान्यात बाकी सगळे वाचले. बालाजी नांदेडला नेताना वाटेतच गेला. आदल्या संध्याकाळी टाकीजवळ एक सरकारी जीप उभी असलेली अनेकांनी पाहिली होती. मग काय! सरकारनं आंदोलन मोडायला टाकीत विष कालवलं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं.

मी भेटायला गेलो तर ओसरीवर सरपंचांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. निवेदन लिहून पाहिजे होतं. मीही तापलेलो होतो. 'नराधम', 'रक्तपिपासू' असे माझ्याकडचे ठेवणीतले शब्द मी त्या दिवशी बाहेर काढले. खाली पहिली सही मॅडमची घ्यायची ठरली. मेलेल्याची बहीण, वर रसायनशास्त्राची प्राध्यापक; सरकारला याहून मोठा तडाखा कुठला?

मॅडम भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे सुजलेले. कागद वाचला, बाजूला ठेवला, आणि तशाही अवस्थेत त्यांचे तळवे वर आले.

"त्या दिवशी उपोषणाला कोण होतं?"

ओसरीवरच्या चारपाच जणांनी हात वर केले.

"तुम्ही काय खाल्लं?"

"काय न्हाई मॅडम. उपोषण व्हतं. नुसतं पाणी."

"कुठलं पाणी?"

"ह्याच टाकीचं. दिसभर तेच प्यालाव की." बोलणारा अर्ध्यातच थांबला.

उन्हात दिवसभर टाकीचं पाणी पिणारे धडधाकट समोर उभे होते, आणि भाकरी खाल्लेले दवाखान्यात होते. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. माझ्या तर नाहीच. मी विशेषणं शोधण्यात गुंतलो होतो.

"विष पाण्यात नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "पिठात होतं. मी सही करणार न्हाई."

सरपंच उसळले. "मॅडम, तुम्ही सरकारच्या बाजूनं बोलायलाव काय?"

"मी बालाजीच्या बाजूनं हाय. आप्पा, खुनाचा आरोप सरकारला लई आवडतो. पाणी तपासून आणतील, स्वच्छ निघंल, तुमचा आरोप खोटा ठरंल आणि त्याच्याखाली खरं बी बुडंल. त्यांनी जे केलंय तेवढंच धरायचं, पण घट्ट धरायचं."

"मग केलंय काय त्यांनी?"

"ते शोधू द्या."

बालाजीची बायको कमल आतल्या दारात उभी होती. पीठ हा शब्द ऐकल्यावर ती खाली बसली. पुढं काय झालं ते मॅडमनी मला फार उशिरा सांगितलं. पेरणीसाठी सरकारच्या शेती खात्यानं गावात ज्वारीचं बियाणं फुकट वाटलं होतं. कमलच्या घरी पेरून थोडं उरलं. टाकवेना, म्हणून तिनं ते तीन पाण्यांनी धुतलं, वाळवलं आणि मांडवात दिलं. कीड लागू नये म्हणून बियाण्याला औषध चोळतात आणि लोकांनी ते खाऊ नये म्हणून त्याला लाल रंग देतात, पोत्यावर विषाची खूण छापतात. हे बियाणं पांढरंशुभ्र होतं आणि पोतं कोरं. हे सगळं कमलनं चुलीपुढं बसून मॅडमना सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आक्का, तुम्ही सरकारनं मारलं म्हणाला असता तर मी जगले असते."

त्या घरात दुःख आधीच मावत नव्हतं, त्यात हे. मॅडम तिला म्हणाल्या, "आणि उद्या हेच बियाणं त्यांना सापडलं, आणि त्यांनी सगळं तुझ्यावर ढकललं, तर कोण वाचवंल तुला?" कमलला ते पटलं नाही. त्या दिवसापासून तिनं आक्काशी बोलणं सोडलं. भावाच्या मागोमाग भावजयही गेली, असं मॅडम एकदा मला म्हणाल्या. तेव्हा तळवे मांडीवर पडलेले होते.

पण कमलनं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाई कामाला लागल्या. मांडवातल्या पिठाचा डबा आणि घराघरांत उरलेली बियाण्याची पोती त्यांनी चावडीपुढं आणवली. सगळ्या गावासमोर प्रत्येकातला नमुना घेऊन त्याचे वाटे केले आणि लाखेनं बंद केले. एक वाटा हैदराबादच्या प्रयोगशाळेला, एक खात्याला, एक सरपंचांच्या कपाटात. "तुमच्याकडं एक ठेवा की," मी म्हणालो. "माझ्याकडं नको. मी बहीण हाय. माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा?"

हैदराबादहून उत्तर आलं: पिठात कीटकनाशक, आणि तेच सगळ्या पोत्यांत. खात्याचाही अहवाल आला: टाकीचं पाणी शुद्ध, सबब विषबाधेचा प्रश्न उद्भवत नाही, ऊन आणि शिळं अन्न. त्यांनी फक्त पाणी तपासलं होतं. मॅडमनी तो अहवाल स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. "स्वच्छ निघणार हे माहीत असलेलंच तपासलं काय यांनी?" मग स्वतःच हसल्या. "हे बी मी सिद्ध करू शकत न्हाई. म्हणून बोलत न्हाई. तुम्ही ऐकलं न्हाई, सर."

संस्थेवर वरून दाब आला. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून चहा पाजला आणि 'थोडं सबुरीनं' असं सुचवलं. त्या म्हणाल्या, "काढा मला. फक्त कशासाठी काढलं ते लिहून द्या." प्राचार्यांनी दुसरा चहा मागवला आणि विषय संपला.

मग मॅडम खरोखरच दारात जाऊन बसल्या. सुट्टी टाकायची, नांदेडची एसटी पकडायची, आणि खात्याच्या साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसायचं. प्रश्न एकच: रंग का नव्हता? साहेब बदलले, बाक तोच राहिला. शिपाई त्यांना ओळखू लागला, घरचे पेरू आणून देऊ लागला. एकदा मी सोबत गेलो आणि दुपारपर्यंत वैतागलो. "मॅडम, हे काही उत्तर देत नसतात." "नका देऊ. पण मी हितं हाय, हे त्यांना दिसलं पाहिजे." त्या पिशवीतून उत्तरपत्रिका काढून तपासत बसल्या. दोन वर्षं हे असंच चाललं.

शेवटी सुनावणी लागली. गाव दोन टेम्पो भरून नांदेडला आलं. कमलही आली, पण मॅडमपासून दूर, पार मागच्या रांगेत बसली. चौकशी अधिकारी तरुण आणि अतिशय गोड बोलणारे होते.

"मॅडम, आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण लोकांनी बियाणंच खाल्लं, तर यात शासनाचा काय दोष? हे दाणे मांडवात दिले कुणी? आपल्याला ठाऊक आहे?"

"हाव. ठाऊक हाय."

"मग सांगा."

"सांगणार न्हाई. तो प्रश्न शेवटचा हाय, साहेब. आधी पोत्याला खूण का नव्हती ते सांगा. दाण्याला रंग का नव्हता ते सांगा. विषाचा दाणा खाण्याच्या दाण्यासारखा करून तुम्ही घरोघर वाटला. कुठल्या बाईनं तो दळला, हे नंतर विचारा."

"माहिती दडवणं हा गुन्हा होऊ शकतो, मॅडम."

"लावा गुन्हा. दोन वर्षं तुम्ही दडवलं त्याच्या शेजारी माझं बी लिहा."

तेवढ्यात मागून खुर्ची सरकली. कमल उभी राहिली होती. पदर डोक्यावर घेऊन ती पुढं चालत आली.

"मी दिले," ती म्हणाली. "धुऊन दिले. नवऱ्याला ह्या हातानं भाकरी वाढली. माझं मी सांगितलं, साहेब. आता तुमचं तुम्ही सांगा."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. मॅडम मात्र, ज्यांना मी भावाच्या तेराव्यालाही रडताना पाहिलं नव्हतं, त्या भर सुनावणीत हमसून रडल्या. कमलनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला त्या दोघींचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच उभा राहिलो, आणि शिपायानं मला खाली बसवलं.

अहवालात खात्याचा 'गंभीर निष्काळजीपणा' मान्य झाला. कमलवर बोट ठेवलं गेलं नाही. उरलेली पोती गावोगावहून परत नेली. कचरा त्या गायरानावर अजून आलेला नाही. सरपंच भाषणात 'आपण लढलो' म्हणायचे, आणि मॅडम पुटपुटायच्या, "हे मात्र खरं हाय."

कमल पुढं देगलूरला मॅडमच्याच घरी राहायला आली. मी निवृत्त होऊन लातूरला आलो. मग एका सकाळी फोन आला: मॅडम गेल्या. मेंदूत रक्तस्राव, जागच्या जागी. शोकसभेला मी गेलो. कॉलेजचं सभागृह भरलेलं होतं. सरपंच बोलायला उठले आणि बोलता बोलता पेटले. "मॅडम मेल्या न्हाईत, त्यांना मारलं! हेलपाटे घालायला लावून सरकारनं त्यांचा जीव घेतला. हा बी खूनच हाय!" टाळ्या पडल्या. खरं सांगतो, माझेही हात टाळीसाठी उचलले गेले होते.

पहिल्या रांगेतून कमल उठली. माईक तिनं मागितला नाही. ती सरपंचांसमोर उभी राहिली आणि दोन्ही तळवे वर करून समोर धरले.

"कोण म्हणालं, आप्पा? पाहिलं काय कुणी?" टाळ्या थांबल्या. "आक्का गोळी खात नव्हत्या. मी रोज ताटात ठेवायची, त्या पर्समध्ये टाकायच्या. हे मी पाहिलंय. सरकारनं बिनरंगाचं बियाणं वाटलं. दोन वर्षं आक्काला बाकावर बसवलं. हे बी मी पाहिलंय. तेवढंच बोला. ते काय कमी हाय?"