दक्षिणायनाचे दार

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. मंदिराच्या उंबऱ्याखाली सुरुंग आहे, हे नाईक माधवराव यांना कोणी आधी सांगितले होते काय?

१९८८च्या पावसाळ्यानंतर शांतिसेनेतली आमची कंपनी श्रीलंकेच्या उत्तर भागात तैनात झाली. आमचे सेक्शन कमांडर हवालदार साळुंखे सातारा जिल्ह्यातले; त्यांना आम्ही उस्ताद म्हणत असू. नाईक माधवराव त्यांचे सहायक होते. मी लान्स नाईक, रेडिओ ऑपरेटर. माधवरावांचे घराणे मराठेशाहीत तंजावर प्रांतात गेलेले, वास्तव्य कुंभकोणमचे. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ. त्यांचे मराठी जुन्या वळणाचे असल्याने थट्टा होई.

"राव, तुझं मराठी महाराजांच्या काळात सुट्टीवर गेलं ते परत आलंच नाही," उस्ताद म्हणत.

"सुट्टीवर नव्हे, उस्ताद. पोस्टिंगवर आलें. रिलीफ आली नाही."

आमच्या सकाळच्या गस्तीच्या वाटेवर एक लहान पेरुमाळ मंदिर, म्हणजे विष्णूचे मंदिर होते. आवाराला दोन दारे होती, एक उत्तरेला आणि एक दक्षिणेला. विहीर आत होती. पुजारी जे दार उघडे ठेवी आणि ज्यापुढे रोज रांगोळी असे, त्यातून शिरून आम्ही पाण्याच्या बाटल्या भरत असू.

संक्रांत होऊन काही आठवडे झाले होते. त्या सकाळी पुजारी वाटेवर भेटला. माधवराव त्याच्याशी तमिळमध्ये दोन-तीन वाक्ये बोलले आणि आघाडीवर गेले. वळणानंतर मंदिराचे दक्षिणेचे दार दिसले. ते उघडे होते. माधवरावांनी हात वर केला.

"थांबा. त्या दारानें जायचें नाही."

"का?" उस्तादांनी विचारले.

उत्तर मिळाले नाही. आवाराच्या भिंतीमागून गोळीबार सुरू झाला आणि माधवराव पडले. आम्ही बांधाआड गेलो. मी सेट उघडला.

"चार्ली वन. कॉन्टॅक्ट. मंदिर, दक्षिण बाजू. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"रॉजर. मदत निघाली. जागा सोडू नका. ओव्हर."

मदत पोहोचली तेव्हा माधवराव हयात नव्हते. दुपारी इंजिनिअर्सनी दक्षिण दाराच्या उंबऱ्याखालून सुरुंग काढला. पुजारी पुन्हा कोणाला दिसला नाही.

संशयाला सुरुवात त्याच दुपारी झाली. सुरुंग बाहेरून दिसण्यासारखा नव्हता. मग माधवरावांना कळले कसे? पुजाऱ्याशी काय बोलणे झाले, ते आमच्यापैकी कोणालाच समजले नव्हते. चौकशीत काही निघाले नाही. पण संशयाला पुराव्याची गरज नसते.

पुढे उस्ताद आणि मी, दोघेही निवृत्त झालो. मी शाळेत भूगोल शिकवू लागलो. १९९४ साली कंपनीतल्या माजी सैनिकांनी उस्तादांच्या गावी स्मृतिशिला उभारण्याचे ठरवले. माधवरावांच्या नावाला उस्तादांनी हरकत घेतली.

"त्याला ठाऊक होतं. शेवटच्या पावलाला जीभ सुटली, एवढंच. तिकडं त्याचं कुणी नात्याचं असणार. मी त्याचा कमांडर. माझ्या गावच्या दगडावर ते नाव कोरू देणार नाही."

मी म्हणालो, "उस्ताद, मग त्यांच्या घरी जाऊन विचारू."

संक्रांतीच्या आधी आम्ही कुंभकोणमला पोहोचलो. माधवरावांच्या वडिलांनी, श्रीनिवासरावांनी, आम्हाला ओट्यावर बसवले आणि डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पितळी वाटी-पेल्यात, कॉफी दिली. उस्तादांनी ती हातातच धरून ठेवली.

"काका, तिकडं बेटावर तुमचं कुणी नातेवाईक?"

"आमचें कोणी नाही. आतां मी विचारतों. माझ्या लेकाला पुढें कां घातलांत? तमिळ बोलतो म्हणून? तो मेला तर तुमचा कोणी जात नाही म्हणून?"

"वाट विचारायला तोच लागायचा, काका."

"असें." वृद्धांनी एवढेच म्हटले. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

तरीही पाहुण्यांना देवाला नेणे त्यांनी सोडले नाही. रोज सकाळी ते आम्हाला सारंगपाणी मंदिरात नेत. तेथील गाभारा दगडी रथाच्या आकाराचा आहे. त्याला चाके आहेत, ओढायला घोडे आणि हत्ती आहेत. गाभाऱ्याकडे जाण्यास दोन बाजूंना दोन दारे आहेत. आम्ही दक्षिणेच्या दाराने आत जात होतो. उत्तरेचे बंद असे. ते का बंद आहे, हे श्रीनिवासरावांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

संक्रांतीच्या, म्हणजे तिकडच्या पोंगलच्या दिवशी गर्दी होती. उस्ताद सवयीने दक्षिणेच्या दाराकडे वळले. मागून श्रीनिवासरावांचा आवाज आला.

"थांबा. त्या दारानें जायचें नाही."

उस्ताद जागीच थांबले. शब्द तेच होते. 'जायचें'वरचा हेलही तोच.

"का?" त्यांनी विचारले. या वेळी उत्तर मिळाले.

"आज उत्तरायण लागलें. आतां जुलैंतल्या आडी महिन्यापर्यंत उत्तरेचें दार. हें बंद. पहिल्या दिवशीं असकीं चुकतात. माधवही चुकायचा, आईच्या चापट्या खायचा."

असकीं म्हणजे सगळी. आम्ही उत्तरेच्या दाराने आत गेलो. दर्शनानंतर मंडपाच्या खांबाशी बसलो, तेव्हा मी उस्तादांना विचारले, "डिसेंबरात त्या मंदिरात रांगोळी कोणत्या दारापुढं असायची?"

"दक्षिणेच्या. माझ्या बुटानं पुसली, तर रावानं मला ऐकवलं होतं. हवालदाराला नाईक ऐकवतो."

"आणि त्या दिवशी?"



"उत्तरेच्या," ते म्हणाले. "वळण घेण्याआधी दिसली होती. ताजी होती. आणि दार बंद."

म्हणजे रांगोळी उत्तरेच्या दाराशी, आणि उघडे मात्र दक्षिणेचे. ज्याने ते उघडले त्याला ही रीत माहीत नव्हती. माधवरावांना ती लहानपणापासून माहीत होती. मला सुचणारे उत्तर हेच आहे. पुजारी काय बोलला, हे मात्र मी आजही सांगू शकत नाही, आणि ते झाकून ठेवणे योग्य होणार नाही.

उस्ताद उठले आणि श्रीनिवासरावांपुढे सावधान उभे राहिले.

"काका, त्याला पुढं मीच ठेवला होता. त्याच्यामुळं माझी आठ पोरं घरी गेली."

श्रीनिवासरावांनी प्रसादातला अर्धा वाटा त्यांच्या हातावर ठेवला. "खा," ते म्हणाले.

स्मृतिशिलेवर तीन नावे आहेत. पहिले नाईक माधवराव, कुंभकोणम. ते पहिले असावे, हे उस्तादांनी सांगितले.

वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. संक्रांतीच्या आदल्या दिवशी कुंभकोणमला जावे, सारंगपाणीच्या मंदिरात कोणते दार उघडे आहे ते पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच जाऊन पाहावे.