एकटाच, वाढीव

ठिणगीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, आणि तोही छाती फुगवून. नव्या कंपनीचा माणूस जळक्या मोटारींतून वाट काढत दुकानात आला आणि म्हणाला, "तुमचा पहिला स्वतंत्र अल्बम आम्हाला पुन्हा काढायचाय. वाढीव आवृत्ती. तेव्हाचं काही न वापरलेलं शिल्लक असेल, तर तेही जोडू." शहाण्या माणसाने ते आधी घरी बसून ऐकलं असतं. ठिणगीने पलंगाखालचं खोकं धुळीसकट उचलून त्याच्या हातात दिलं आणि वर ऐकवलं, "सगळं घेऊन जा. माझं टाकलेलंसुद्धा लोकांच्या निवडलेल्यापेक्षा बरं असतं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

ठिणगीचा धंदा पंपांच्या जळलेल्या मोटारींना नवी तांब्याची तार गुंडाळून देण्याचा. दुकानात अधूनमधून ठिणग्या उडायच्या, त्यावरून हे नाव पडलं आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं. संध्याकाळी तो गिटार वाजवायचा. ब्लूज-रॉक. ब्लूज म्हणजे मुळात दुःखी माणसाचं गाणं. तरुणपणी ठिणगीकडे सांगण्यासारखं दुःख नव्हतं, म्हणून चांगला चाललेला बँड सोडून त्याने ते स्वतःच तयार केलं. बँडमध्ये गिटारी दोन होत्या, एक याची आणि एक याच्या बालमित्राची, जाड्याची. कुणाचा आवाज मोठा ठेवायचा यावरून रोज जुंपायची. शेवटी ठिणगी बाहेर पडला आणि त्याने आपला अल्बम काढला. नाव ठेवलं 'एकटाच'. मुखपृष्ठावर तो डोळे आल्यासारखा काळा गॉगल लावून भिंतीला टेकलेला. निम्म्या कॅसेटी नातेवाइकांच्या गळ्यात मारल्या.

पण त्यातलं शीर्षकगीत कसं कोण जाणे, टिकलं. मध्येच गिटार चढत जाते, अजून चढते, आणि एकदम गप्प. काहीच नाही. मग अशी काही उसळून परत येते की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्या गप्प बसण्यावर जाणकारांनी लेख लिहिले. पोरं शिकायला येऊ लागली. ठिणगी त्यांच्यापुढे डोळे मिटून सांगायचा, "वाजवायला कुणीही शिकवेल. थांबायला मी शिकवतो."

"थांबायला शिकवतात म्हणे," बायको आतून म्हणायची. "घरात बोलायला लागले की थांबतात का कधी?"

खोकं गेल्यावर आठवड्याने कंपनीवाल्याचा फोन आला. माणूस आनंदाने वेडा झाला होता. "साहेब, खजिना आहे हो! शीर्षकगीताचं मूळ रीळ! तार तुटते, तुम्ही शिव्या देता, सगळं आहे!"

ठिणगीच्या हातातला पाना खाली पडला.

त्याचं काय होतं, त्या काळच्या रेकॉर्डिंगवाल्याच्या मशीनचं बटण दाबलं की 'ठक्' असा आवाज गाण्यात उतरायचा. म्हणून तो मशीन एकदा चालू केलं की रीळ संपेपर्यंत बंदच करायचा नाही. खोकणं, भांडणं, चहाचे कप, सगळं आपलं चालूच. नंतर तो त्याची नक्कल काढायचा आणि नकलेवरचं नको ते ब्लेडने कापायचा. शीर्षकगीतातली तुटलेली तार आणि शिव्या त्याने अशाच कापल्या आणि सांधताना कोऱ्या फितीचा एक तुकडा मध्ये राहून गेला. ज्यावर लेख आले, ते मौन म्हणजे एवढंच.

"एकच अडचण आहे," कंपनीवाला म्हणाला. "त्यात 'घे माझी' म्हणणारा आणखी एक आवाज आहे. त्यांची परवानगी लागेल. कोण ते?"

"बघतो," म्हणून ठिणगीने फोन ठेवला.

रात्री लेकीने कंपनीने पाठवलेलं ते रीळ फोनवर लावलं. आधी गिटार चढली, मग टण्णकन तार तुटली, मग शिव्या आल्या. बायकोने त्या मन लावून ऐकल्या. मग, भांडूनही रेकॉर्डिंग ऐकायला आलेल्या जाड्याचा आवाज आला, "ओरडू नकोस. थांब, माझी पहिली तार काढून देतो. घे माझी."

"आणि संध्याकाळचा तुझा कार्यक्रम?"

"पाच तारांवर भागवीन. तू वाजव रे."

"उद्या आणून देतो."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. "दिलीत?"

"राहिलं."

"पोरगी जन्मली, शिकली, कमवायला लागली, आणि तुमचा उद्या अजून उजाडायचाच आहे?"

"मी कंपनीला नाही म्हणून कळवतो," ठिणगी म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. हे ऐकल्यावर पोरांना कुठल्या तोंडाने शिकवू?"

"कळवा," लेक म्हणाली, "पण पुढचं तरी ऐका बाबा."

पुढे तार लावून झाली, सूर जुळला आणि गिटार उसळली. तीच, अंगावर काटा आणणारी. फक्त ती जाड्याला ऐकवण्यासाठी वाजत होती, हे इथे बहिऱ्यालाही कळलं असतं. मागून जाड्याचा पाय ठेका धरत होता आणि मधूनच तो ओरडत होता, "अरे मेलो, मेलो!"

ठिणगी बराच वेळ काही बोलला नाही. हे मौन मात्र अस्सल होतं.

जाड्याशी त्याचं वैर असं नव्हतंच. आधी तार आणायची राहिली. मग ती न दिल्याची लाज वाटू लागली. मग 'एकटाच' छापून आलं, आणि आता कुठल्या तोंडाने जायचं म्हणून त्याने रस्ताच बदलला. एका तारेपायी तो इतकी वर्षं बाजाराला वळसा घालून घरी जात होता.

सकाळी खिशात नवी तार घालून तो जाड्याच्या चष्म्याच्या दुकानात गेला. जाड्या आता पार वाळला होता, नाव तेवढं गलेलठ्ठ राहिलं होतं. अक्षरांच्या तक्त्याशेजारी त्याची गिटार टांगलेली होती. तारा पाच.

"अजून पाचच?" ठिणगीच्या तोंडून निघून गेलं.

"तू म्हणाला होतास उद्या देतो. मी आपला वाट बघतोय."

ठिणगीने चाचरत रिळाची हकीकत सांगितली आणि शेवटी म्हणाला, "तू नाही म्हण, म्हणजे मीही सुटलो. हे बाहेर पडलं तर माझी सगळी अब्रू जाईल."

जाड्या इतका हसला की त्याचाच चष्मा खाली पडला. "कसली अब्रू? या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी पाच तारांची गोष्ट सांगतो. तुझी निम्मी पोरं चष्मे माझ्याकडूनच नेतात. अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे लेका, तुला सोडून!"

"मग ती माझ्याकडे शिकायला कशाला येतात?"

"वाजवतोस चांगलं म्हणून. आणि थापा मारताना डोळे मिटतोस ना, ते बघायला."

ठिणगीला रडावं की हसावं कळेना. इतकी वर्षं घट्ट मिटलेल्या मुठीत वाराच होता.

"परवानगी आहे," जाड्या म्हणाला. "पण माझं 'मेलो' कापायचं नाही. 'एकटाच', वाढीव आवृत्ती! म्हणजे दोघं."

ठिणगीने खिशातून तार काढून पुढे केली. जाड्याने ती उजेडात धरून पाहिली आणि परत त्याच्याच खिशात खोचली. "ही लावली तर गिऱ्हाइकांना सांगू काय? बस खुर्चीत. डोळे तपासतो तुझे, रस्ता चुकत होतास इतकी वर्षं."

अल्बम निघाला. आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलं होतं: 'पहिली तार: जाड्या.' पोरं आता थांबायला शिकत नाहीत, शिव्या नेमक्या कुठल्या तालात घातल्या होत्या ते विचारतात. ठिणगी बाजारातूनच घरी येतो, आणि वाटेत चष्म्याच्या दुकानात इतका वेळ बसतो की जेवण गार होतं. बायको शर्ट धुवायला घेताना खिशातली तार दर वेळी बाजूला काढून ठेवते.

"आज दिलीत?"

"उद्या."